आईचा करंडा

आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी सावडायला आम्ही तिघंच होतो, मी, माझा नवरा आणि मावसभाऊ. दाहिनीत केलं होतं त्यामुळे अस्थी तशा आधीही मिळाल्या असत्या, पण मावशी म्हणाली तिसऱ्या दिवशीच जा, म्हणून तिसऱ्या दिवशी गेलो. तिथल्या माणसाने पत्र्याच्या ट्रेमधून अस्थी पुढे ठेवल्या, दूध आणि पाणी शिंपडलं, मग एक लाल मडकं दिलं, आपल्या दोन ओंजळी मावतील एवढं, त्यात आम्ही एकेक उचलून ठेवलं आणि वर लाल फडकं बांधलं. हे सगळं पंधरा मिनिटांत झालं. मागे दुसरं कुटुंब उभं होतं.

माझा भाऊ टोरांटोला असतो. त्याच्या पासपोर्टचा काहीतरी घोळ झाला होता, तो पाच आठवड्यांनी येणार होता आणि फोनवर रडत एकच सांगत होता, ताई मी आल्याशिवाय विसर्जन करू नकोस. म्हणून मडकं तिथेच अस्थी ठेवायच्या कपाटात ठेवलं, चिठ्ठी लावून. आठ दिवसांनी सहज बघायला गेले तर कपाटाच्या फळीवर राखेची बारीक रेघ. मडक्याच्या तळाला केसाएवढी चीर होती. कोणाची चूक होती असं मी म्हणत नाही, पण ती रेघ बघून माझे पाय गळाले. ती आई होती ना. मी पर्समधला रुमाल काढला, ती राख बोटाने रुमालात गोळा केली, मडकं ओढणीत गुंडाळलं आणि टॅक्सीने सरळ घरी घेऊन आले.

घरी आणल्यावर ठेवणार कशात? शेवटी आईचाच लाडवांचा स्टीलचा डबा घेतला. झाकण घट्ट बसतं म्हणून. आणि मग रात्रभर मला झोप नाही, कारण त्या डब्याला अजून तुपाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला. तिला कळलं होतं. "अगं अस्थी घरात ठेवायच्या नसतात बाळा. पूर्वी पिंपळाला टांगून ठेवायचे, उंबऱ्याच्या आत नाही आणायचे." मी म्हटलं मावशी, मडकं गळत होतं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "मग नीट काहीतरी बघ. डब्यात नको."

नीट काहीतरी. हे दोन शब्द माझ्या डोक्यात बसले.

मी सहा वर्षं परळच्या एका जुन्या गाळ्यातल्या स्टुडिओत पॉटरी करते. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार. आजवर कॉफीचे मग केले, वाडगे केले, दिव्याच्या पणत्या केल्या, एकदा लोणच्याची बरणी केली जी आईला फार आवडली होती. अस्थींसाठी भांडं करायचं कधी मनातही आलं नव्हतं. भावाने ऑनलाइन शोधून मला लिंक पाठवल्या होत्या, पितळेचे, संगमरवरी, हाताने केलेले सिरॅमिकचे कलश, तिकडे लोक ते घरात शेल्फवर ठेवतात, पिढ्यान् पिढ्या ठेवतात. त्याला आईचा थोडा भाग सोबत न्यायचा होता. मी ते फोटो बघत होते आणि कारागिरी सुंदरच होती, पण त्यातलं एकही भांडं आईचं वाटत नव्हतं.

तिकडच्या कुंभारांचा मापाचा एक साधा हिशोब आहे, माणसाच्या जिवंतपणीच्या दर पौंड वजनाला एक घन इंच जागा. आई शेवटी ४६ किलो होती. म्हणजे १०१ पौंड, १०१ घन इंच, दीड लिटरच्या थोडं वर. मी वहीत हे गणित मांडलं आणि मग लक्षात आलं की हे माप आपल्याला लागूच होत नाही. तिकडे दहनानंतर सगळी हाडं मशीनमध्ये दळून सारखी भुकटी करतात आणि सगळीच्या सगळी घरच्यांना देतात, म्हणून कलशाचं तोंड अरुंद चालतं, वरून ओतायचं असतं. आपल्याकडे आपण वेचतो. हाताने. तुकडे असतात, तुकडेच राहतात, आणि विसर्जनाच्या वेळी पुन्हा हात आत घालायचा असतो. म्हणजे भांडं छोटं हवं पण तोंड रुंद हवं. इतकं साधं आहे हे, पण हे कळल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हे आपण करू शकू.

आकार मात्र कपाटात सापडला.

आईचं कपाट आवरायला घेतलं होतं, म्हणजे आवरत काहीच नव्हते, नुसती उघडून बसायचे. खालच्या कप्प्यात तिचा पितळी करंडा होता. कुंकवाचा. बाबा गेल्यावर तिने कुंकू लावणं सोडलं, टिकली लावायची, पण करंडा टाकला नाही, त्यात सुया आणि शर्टांची जास्तीची बटणं ठेवायला लागली. गोल पोट, बुटकी बैठक, वर घुमटासारखं झाकण आणि त्यावर एक बोंड. झाकण काढलं की अजून आतल्या कडेला लाल रंग दिसतो. तो करंडा हातात धरल्यावर मला एकदम नालासोपारा आठवलं.

तुम्ही म्हणाल कुठून कुठे. पण ऐका. आपल्या वेस्टर्न लाइनवरचं नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, तिथे १८८२ साली पुरातत्त्वाचे अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी एक स्तूप उकरला. आत दगडाची मोठी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि सगळ्यात आत सोन्याचा. आणि त्या सोन्याच्या डबीत काय होतं? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. तेरा तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. ते करंडक एशियाटिक सोसायटीकडे आहेत, टाउन हॉलमध्ये. मी कॉलेजात असताना हे वाचलं होतं आणि तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेलं नाही, की माणसांनी खापराचे तुकडे सोन्यात ठेवले. आणि शब्द बघा, करंडक. अस्थिकरंडक. आणि आईचा करंडा. एकच शब्द आहे हो. बायकांच्या फणेरपेटीतला आणि स्तूपाच्या पोटातला.

तेव्हा ठरलं, आईच्या करंड्याचाच आकार करायचा, मोठा करून.

माती भाजली की आकसते. मी वापरते ती स्टोनवेअरची, म्हणजे जास्त उष्णतेला भाजायची माती ओल्यापासून पक्की होईपर्यंत साधारण १२ टक्के लहान होते, म्हणून चाकावर सगळं मोठंच धरायचं. पहिल्या शनिवारी मी बसले तर मातीचा गोळा मधोमध येईचना. सहा वर्षं करतेय, डोळे मिटून करते, पण त्या दिवशी हात थरथरत होते आणि चाकाला हाताची थरथर लगेच कळते. तिसऱ्या गोळ्याला जमलं. झाकण त्याच दिवशी वेगळं केलं, त्याच मातीचं, म्हणजे दोन्ही सारखंच आकसेल आणि एकमेकांत बसेल.

ते पहिलं भांडं वाळताना फुटलं. तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर. कुंभारकाम करणाऱ्या प्रत्येकाला ही चीर माहीत असते, भिंती उचलताना माती आपोआप दाबली जाते पण तळ आपण मुद्दाम दाबला नाही तर तो सैल राहतो आणि वाळताना फाकतो. माझ्या बाईंनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, तळ दाब, तळ दाब. आणि मी आईच्याच भांड्याचा तळ दाबायला विसरले. स्मशानातल्या मडक्याची चीर जिथे होती तिथेच. मी ते भांडं बादलीत टाकलं आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले.

दुसरं नीट झालं. पहिली भाजणी साधारण १००० डिग्रीला होते. मृतदेह ज्या उष्णतेत जळतो तीही साधारण तिथवरच जाते, आठशे ते हजार. मी किल्नच्या, म्हणजे स्टुडिओतल्या भट्टीच्या आकड्याकडे बघत उभी होते तेव्हा हे मनात आलं आणि मग त्या रात्री मी घरी गेलेच नाही, नवऱ्याला कळवलं आणि तिथेच खुर्चीवर बसून राहिले. ५७३ डिग्रीला मातीतली गारगोटी एकदम फुगते आणि थंड होताना त्याच आकड्याला एकदम आखडते, घाई केली तर भांडं तडकतं. म्हणून किल्न आपोआप थंड होऊ द्यायचं, दार उघडायचं नाही. आईच्या वेळी दाहिनीचं दार बंद झालं तेव्हा मी बाहेर निघून गेले होते, तिथे उभं राहवलं नाही मला. या वेळी थांबले.

ग्लेझचा, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराचा खूप विचार केला. काही कुंभार माणसाची राखच थोडी ग्लेझमध्ये मिसळतात, हाडांच्या राखेत कॅल्शियम आणि फॉस्फरस असतं, ते काचेत विरघळून जातं आणि मग ते माणूस त्या भांड्याच्या कांतीतच राहतं. यात विचित्र काही नाही, आपण ज्याला बोन चायना म्हणतो त्यात गुरांच्या हाडांची राख असते, जवळजवळ अर्धी. मी एक संध्याकाळ तो लाडवांचा डबा समोर घेऊन बसले होते. पण नाही झालं. मला वाटलं आईला असं अडकवून ठेवायचा मला काय हक्क आहे, तिला समुद्रात जायचं होतं, तिने सांगितलं होतं, उरणच्या समुद्रात.

म्हणून मी फक्त आतून ग्लेझ केलं, पांढरं, आणि बाहेरून माती उघडीच ठेवली. उघडी अशासाठी की हातात धरल्यावर काच लागू नये, माती लागावी. आणि आतून गुळगुळीत अशासाठी की विसर्जनाच्या दिवशी एक कणही आत चिकटून राहू नये. दुसरी भाजणी १२२० ला. झाकण नीट बसलं. बोटाच्या पेराने टिचकी मारली तर टण्ण वाजलं, घंटेसारखं. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण कच्चं कोण पक्कं बघितलं होतं म्हणतात, ते मला त्या क्षणी अगदी खरं वाटलं, पक्क्या मातीचा आवाज लपत नाही.

अस्थी त्यात ठेवल्या. आधी रुमालातली राख. डबा घासून पुसून उन्हात ठेवला. करंडा देवघराच्या बाजूला नाही, बाल्कनीच्या आतल्या फळीवर ठेवला, मावशीचा मान राखून, उंबऱ्याच्या शक्य तितकं कडेला. येता-जाता हात लावायचे. थंड असायचा, दुपारी ऊन आलं की कोमट.

त्या पाच आठवड्यांत मी हाच विचार करत होते की ठेवणं आणि थांबणं यात फरक आहे. काही ठिकाणी ठेवणं हाच आदर असतो. दादरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांच्या अस्थी आहेत, दरवर्षी ६ डिसेंबरला केवढी माणसं तिथे येतात, त्या अस्थी तिथे आहेत म्हणून येतात. आणि काही वेळा थांबणं लांबतं. गांधीजींच्या अस्थींचा एक भाग साठ वर्षं एका कुटुंबाने सांभाळला होता, मग तो मुंबईतल्या त्यांच्या स्मारकात, मणिभवनला आला आणि २००८ साली ३० जानेवारीला गिरगाव चौपाटीवर विसर्जन झालं. साठ वर्षं. मी तर पाच आठवडे थांबत होते. पण इतका काळ कुणी थांबतं तेव्हा ते कशात थांबतं, त्या भांड्याला कुणाचे हात लागलेत, याची मला आता काळजी वाटते. आणि घरात नको हे तरी किती जुनं आहे कोण जाणे, कारण आपल्या शिरूर तालुक्यात इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत खोदकाम केलं तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली सापडली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात मूल. घरातच. जिथे आई भाकरी करत असेल त्याच्या खाली. हे मी मावशीला सांगितलं नाही. एकटीच वाचत बसले आणि त्या आयांसाठी मला रडू आलं.

भाऊ यायच्या आठवडाभर आधी मी धारावीला कुंभारवाड्यात गेले. का गेले नीट सांगता येणार नाही, बहुतेक ते चीर गेलेलं मडकं डोक्यातून जात नव्हतं आणि अशी मडकी करतं कोण ते बघायचं होतं. तिथली बरीचशी घरं सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची, १९३० च्या दशकात त्यांना शहरातून उठवून धारावीत आणलं, तेव्हापासून तिथेच चाक, तिथेच भट्टी, तिथेच संसार. गल्लीत धूर होता, पणत्यांच्या राशी वाळत होत्या. एका काकांपाशी बसले. त्यांना सगळं सांगितलं, करंड्याचा फोटो दाखवला. त्यांनी फोन लांब धरून बघितला, झाकणाची बैठक झूम करून बघितली, कुंभार जे बघतो तेच. मग म्हणाले, "अच्छा बनाया बेटा. पर इसको पानी में मत डालना. भट्टी में गया तो माटी वापस माटी नहीं बनता. फूटेगा, गलेगा नहीं."

मला हे माहीत होतं. पुस्तकात वाचलंय, पाच-सहाशे डिग्रीच्या पुढे गेलं की मातीत धरून ठेवलेलं पाणी निघून जातं आणि ती परत कधी चिखल होत नाही. पण माहीत असून कधी आईच्या बाबतीत लावून बघितलं नव्हतं. आपण अस्थी विसर्जन करतो आणि मडकं पण पाण्यात सोडतो, आणि ते लाल मडकं तिथेच तळाशी खापर होऊन पडून राहतं, शेकडो वर्षं. मी काकांना विचारलं, मग न भाजता? ते हसले. "कच्चा? गणपति जैसा?"

शाडूचा गणपती! आमच्याकडे गेली बारा वर्षं शाडूचाच असतो, बादलीत विसर्जन करतो, सकाळी बघितलं की नुसता गाळ, तो तुळशीला घालतो. आई स्वतः घालायची. आणि मला हे सुचलं नव्हतं.

मग चार दिवस मी बाथरूममध्ये बादली घेऊन बसत होते. लहान लहान कच्च्या वाट्या करून पाण्यात सोडून बघायचे. एक गंमत सांगते, म्हणजे मला आश्चर्य वाटलं ते, ओलसर माती पाण्यात टाकली तर ती तशीच राहते, विरघळतच नाही. पण ठणठणीत कोरडी टाकली की बुडबुडे सुटतात, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो, आणि काठ आपोआप गळून पडायला लागतो, काही मिनिटांत खेळ संपतो. म्हणजे पूर्ण वाळायला हवी. थंडीचे दिवस होते म्हणून वाळलीही. त्याच करंड्याच्या आकाराचं, बिनझाकणाचं, पातळ भिंतींचं एक भांडं केलं. भाजलं नाही.

भाऊ आला. दारातच मला मिठी मारली आणि आधी बाल्कनीकडे गेला. करंडा दोन्ही हातांनी उचलला. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ताई, हा तर कुंकवाचा करंडा आहे." मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याला लाँच जाते, आई लग्नानंतर माहेरी त्याच लाँचने जायची, आम्हीही लहानपणी तिच्या मांडीवर बसून गेलोय. भाऊ, मी आणि मावशी. पक्का करंडा भावाच्या मांडीवर, कच्चं भांडं माझ्या, आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेलं, कारण त्याला जरा धक्का लागला असता तरी गेलं असतं. लाँचचं इंजिन हादरत होतं आणि मी तासभर श्वास रोखून बसल्यासारखी बसले होते. उरणला पीरवाडीच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी नुकती लागत होती, मावशीने आधीच विचारून ठेवलं होतं, ओहोटीला सोडलं की समुद्र आत घेऊन जातो.

वाळूत बसून भावाने अस्थी एकेक करून पक्क्यातून कच्च्यात ठेवल्या. शेवटी करंडा वाकडा करून हळूच हलवला, पांढऱ्या ग्लेझवरून उरलेली राख सरकली आणि आत काही राहिलं नाही. त्याला थोडा भाग न्यायचा होता ना, मी विचारलं, ठेवायचा का? तो नुसती मान हलवून नाही म्हणाला.

आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात गेलो आणि भांडं चार हातांनी पाण्याखाली धरलं. आधी बुडबुडे आले. मग काठ मऊ झाला, लोण्यासारखा, बोटांखालून सुटायला लागला. जड जड वाटत होतं ते हलकं होत गेलं. लाट आली की थोडं जायचं, अजून एक लाट, अजून थोडं. किती वेळ लागला माहीत नाही, पाय गार पडले होते. एका क्षणी आमचे हात एकमेकांना लागले आणि मध्ये काहीच नव्हतं, नुसतं गढूळ पाणी, आणि तेही पुढच्या लाटेने निवळलं.

मावशी काठावर साडी वर खोचून उभी होती, हात जोडून.

पितळेचा करंडा भाऊ घेऊन गेला, सुया-बटणांसकट. मातीचा माझ्याकडे आहे, रिकामा, त्याच फळीवर. त्यात मी काही ठेवलेलं नाही.

परत येताना लाँचमध्ये मावशीने तो मांडीवर घेतला होता. झाकण काढून आत बघत होती, परत लावत होती. मोऱ्याचा धक्का मागे गेला तेव्हा म्हणाली, "मला पण एक करून ठेव हं." मी म्हटलं मावशी, असं काय बोलतेस. ती म्हणाली, "नाही गं, खरंच. कच्चंच कर. भाजू नकोस."

केलंय. वाळवून, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून कपाटात वर ठेवलंय, कारण मुंबईच्या हवेत कच्ची माती ओल धरते. पाऊस सुरू झाल्यापासून मावशीचा दर रविवारी फोन येतो. जेवलात का, पोरं कशी आहेत, आणि मग शेवटी, "बाळा, ओल नाही ना आली त्याला?"